हाताला वळण लावताना

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताईंना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी जवळजवळ जसंच्या तसं देत आहोत. शेवटी सभेत विचारलेले काही प्रश्नही दिले आहेत.)



विषयपत्रिकेत बँक जोडणी आणि बियाण्याच्या खरेदीनंतर "मुलांचं अक्षर" असं लिहिलेलं बघून काही जणी हसल्या. हसा, पण हा विषय तुमच्याच कर्ज मागणी अर्जातून आलाय. शाळा सुरू झाल्या की गटात अंतर्गत कर्जाच्या मागण्या वाढतात. दप्तर, गणवेश, रिक्षाचे पैसे, ते सगळं ठीक. यंदा एका गटात एका ताईंनी मुलाच्या हँडरायटिंग क्लाससाठी दोन हजार मागितले. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "वहीवर मॅडमनी लाल पेनानं काहीतरी लिहून पाठवलंय. मला वाचता आलं नाही. शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं तर ती म्हणाली, अक्षर सुधारा असं लिहिलंय. आता मी कसं सुधारणार ताई? मी सातवीतनं शाळा सोडली, आणि हे तर इंग्रजी, ते पण सगळं एकमेकाला जोडलेलं."

गटानं त्यांना नाही म्हटलं नाही. कर्ज कशासाठी घ्यायचं हा त्यांचा निर्णय. पण मला वाटत राहिलं की ज्या बाईच्या हातची गोधडी बघायला दुसऱ्या वाडीवरच्या बायका येतात, ती म्हणते मला वळण शिकवता येणार नाही. हे काही बरोबर नाही. म्हणून आज बोलायचं.

आधी एक सांगते. कर्सिव्ह म्हणजे अक्षरं जोडून, पेन्सिल न उचलता लिहायची पद्धत. तुमच्यातल्या ज्या हायस्कूलपर्यंत गेल्या त्यांना आठवत असेल, इंग्रजीच्या चार लिप्या असायच्या, छापील कॅपिटल, छापील स्मॉल, आणि वळणाच्या दोन. त्या वळणाच्या म्हणजे हीच कर्सिव्ह. हे काही फक्त इंग्रजांचं नाही. आपल्याकडे मोडी होती. जुन्या जमिनीच्या कागदांवर, वाड्यातल्या बाडांवर जे किडामुंगी अक्षर दिसतं ती मोडी. भराभर लिहायचं, हात कमीत कमी उचलायचा, म्हणून तिचं वळण तसं. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग खाली अक्षरं लिहीत जायची. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा गावोगावी मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, ते तुम्ही ऐकलं असेल. कागद आपलाच, नाव आपल्याच पणजोबाचं, आणि वाचता येईना. वेगात लिहिण्यासाठी केलेलं वळण सगळ्यांना वाचता येईलच असं नाही, एवढं यातून लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

आता तुमच्या मुलाला कर्सिव्ह शिकवायची गरज आहे का? माझं स्पष्ट मत, सगळ्यांना नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतसुद्धा पहिलीपासून इंग्रजी आहे, पण मराठी शाळेत सुरुवात छापील अक्षरानं होते आणि ते पुरतं. मूल पहिली-दुसरीत असेल, अजून मराठीच अडखळत वाचत असेल, तर कर्सिव्हचं नाव काढू नका. सरकारचा निपुण भारत कार्यक्रम २०२१ मध्ये सुरू झाला, त्यातही मागणी एवढीच आहे की तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता-लिहिता यावं आणि साधी गणितं यावीत. सुंदर अक्षर त्यात पहिल्या नंबरला नाही. बाहेरच्या देशांतही यावर एकमत नाही. फिनलंडनं २०१६ पासून शाळेत जोडून लिहिण्याची सक्ती काढून टाकली, आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं २०२३ मध्ये कायदा करून ती परत आणली. मग आपण कशाला रात्रीची झोप घालवायची? पण तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल घातलं असेल आणि तिथं कर्सिव्ह सक्तीची असेल, तर ते मूल रोज वर्गात लाल शेरे खात बसणार. त्याला घरून मदत लागणार. ती मदत तुम्ही करू शकता, इंग्रजी येत नसलं तरी.

कसं ते बघा. गोधडीचा टाका सारखा पडलाय की नाही हे बघायला काय वाचता यावं लागतं? एक टाका मोठा, एक बारका, एक वाकडा, तुम्हाला लांबून दिसतं. अक्षराचंही तेच. मुलाची वही हातात घ्या आणि चार गोष्टी बघा. अक्षरं रेघेवर बसलीत का. एका जातीच्या अक्षरांची उंची सारखी आहे का. सगळी एकाच बाजूला झुकलीत का, की एक इकडं पडतंय आणि एक तिकडं. आणि दोन शब्दांमध्ये एक बोट मावेल एवढी जागा आहे का. यातलं काहीच बघायला इंग्रजी लागत नाही. शब्दाचा अर्थ मॅडम सांगतील, टाका तुम्ही बघा.

यात एक गोची आहे, ती मला बऱ्याच घरांत दिसली. आपली मराठी अक्षरं वरच्या रेघेला लटकतात. शिरोरेघ म्हणजे दांडी, आणि अक्षरं म्हणजे दांडीवर वाळत घातलेले कपडे. इंग्रजी अक्षरं लटकत नाहीत, ती खालच्या रेघेवर बसतात, ओट्यावर मांडलेल्या डब्यांसारखी. ज्या मुलाचा हात मराठीला सरावलाय ते इंग्रजी पण वर धरून लिहितं, आणि खालची बाजू तरंगत राहते. मग घरचे म्हणतात अक्षर घाण आहे. अक्षर घाण नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही की इथं बसायचंय, लटकायचं नाही. एकदा डब्यांचं उदाहरण देऊन बघा. मुलं हसतात आणि लगेच बसवायला लागतात.

यासाठीच चार रेघी वही असते. साधी एकरेघी वही घेऊ नका, पैसे वाया. चार रेघांमध्ये तीन खण पडतात. वरच्या खणाला माळा म्हणा, मधल्याला घर, खालच्याला तळघर. स्मॉल ए, सी, ई, एम, एन, ओ ही घरात राहणारी. बी, डी, एच, के, एल माळ्यावर डोकं काढणारी. जी, जे, पी, क्यू, वाय यांचे पाय तळघरात. आणि कर्सिव्हमधलं एफ तर माळ्यापासून तळघरापर्यंत तिन्ही खणांत फिरून येतं, म्हणून ते मुलांना सगळ्यात जड जातं. ते शेवटी घ्या. टी माळ्यावर जातो पण छताला टेकत नाही. एवढं तुम्हाला माहीत असलं की वहीत कोण आपलं घर सोडून भटकतंय ते तुम्ही शोधू शकता. मुलाबरोबर हा खेळच करा, "कोण चुकलं रे घर?"

आता शिकवायचा क्रम. शाळेत बऱ्याचदा ए पासून झेडपर्यंत ओळीनं शिकवतात. हाताला ते सोयीचं नाही, कारण शेजारच्या अक्षरांची वळणं वेगवेगळी आहेत. एका वळणाची अक्षरं एकत्र घेतली तर हात लवकर बसतो. पहिलं कुटुंब सीचं. सी, ए, डी, जी, क्यू, ओ. यात हात घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं फिरतो. सी नीट आला की बाकीची अर्धी आलीच, कारण प्रत्येकाच्या पोटात सी आहे. दुसरं कुटुंब आय, यू, डब्ल्यू, टी. खालून वर, वाटीसारखं. तिसरं एन, एम, ही डोंगरं. वर चढून खाली, परत वर चढून खाली. चौथं कडीचं. ई, एल, एच, के, बी, आणि मघाशी म्हटलं ते एफ. ज्यांना भरतकामातला साखळी टाका येतो त्यांना मी काय सांगायचं? एल, एल, एल असं ओळीनं लिहिलं की सुताच्या कड्याच दिसतात. लहान कड्या म्हणजे ई, उंच कड्या म्हणजे एल. उरलेली अक्षरं मग मागून येतात, त्यांची घाई नको.

एका कुटुंबाला एक आठवडा द्या, दोन द्या. अक्षर आलं की लगेच दोन-दोन जोडायची. जोडणीत एक जागा हमखास अडते. बहुतेक अक्षरं खाली, रेघेवर संपतात, आणि तिथून पुढच्याकडं जायचं असतं. पण ओ, व्ही, डब्ल्यू आणि बी ही चार अक्षरं वर संपतात. त्यांच्यापासून पुढची जोड वरूनच न्यायची. मूल सवयीनं खाली आणतं आणि ओचा ए होऊन बसतो. बी-ओ-वाय, बॉय हा शब्द घ्या. त्यात बी पण आहे, ओ पण आहे. दोन्हीच्या जोडण्या वरून गेल्या तर समजा पोराला कळलं. आणि आयवरचं टिंब, टीची आडवी रेघ मध्येच द्यायला हात उचलायचा नाही. शब्द पूर्ण झाला की मग द्यायची. आपण मराठीत बऱ्याचदा आधी शब्द लिहितो आणि मग वर रेघ मारतो, तसंच.

हे सगळं वहीवर सुरू करू नका. आपल्याकडे पूर्वी धूळपाटीवर बारीक धूळ पसरून बोटानं अक्षर काढायला शिकवायचे. ती पद्धत कुणी मोडीत काढली कोण जाणे, पण कामाची होती. परातीत रवा किंवा चाळलेली माती पसरा आणि बोटानं सी काढायला लावा. मोठा, हाताएवढा. चुकला तर परात हलवली की पुसला. खोडरबर नाही, लाल पेन नाही. मग पाटी, मग वही. बोटाला वळण कळलं की पेन्सिलीला सांगावं लागत नाही.

पेन्सिल धरायची कशी? हळदीची चिमूट धरतो तशी. अंगठा आणि पहिलं बोट, आणि खालून मधल्या बोटाचा आधार. टोकापासून साधारण इंचभर वर. मुठीत धरली की मनगट फिरत नाही, आणि कर्सिव्हचं सगळं काम बोटांचं आणि मनगटाचं आहे. चिमूट बसत नसेल तर पूर्ण लांबीच्या पेन्सिलीऐवजी बारका तुकडा द्या, खडूचा तुकडा द्या. तो मुठीत मावतच नाही, आपोआप चिमटीत येतो. वाती वळायला बसवा, वाटाणे सोलायला बसवा, शेंगा फोडायला द्या. मुलालाही द्या, मुलीलाच नको. यात बोटांचा व्यायामच होतो. आणि अंगणवाडीतलं मूल असेल तर एवढंच करा. त्या वयात वहीत ओळी भरून घेऊ नका. बोटांत बळ आलेलं नसतं, मूल दाबून दाबून लिहितं, हात दुखतो आणि लिहिण्याचाच राग बसतो.

बसायचं कसं, तर वही मांडीवर नको. टेबल-खुर्ची नसली तरी पाट आहे, पत्र्याचा डबा आहे. त्यावर वही. उजेड डाव्या बाजूनं यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. वही थोडी डावीकडे तिरकी ठेवली तरी चालते, उलट कर्सिव्हला ते बरंच.

डावखुऱ्या मुलांसाठी हे सगळं उलट. उजेड उजवीकडून, वही उजवीकडे तिरकी, आणि पेन्सिल थोडी जास्त वर धरायची म्हणजे लिहिलेलं त्याला दिसतं. आणि कृपा करून हात बदलायला लावू नका. अजूनही काही घरांत डावा हात बांधून ठेवायची पद्धत मी बघितली आहे. जेवायला उजवा हात शिकवायचा तो शिकवा, मला त्यात पडायचं नाही. पण लिहिणारा हात ज्याचा त्याला राहू द्या.

वेळ रोज दहा मिनिटं. दहा म्हणजे दहाच. मोठी मुलं पंधरा बसतील. एक पान भरून वीस वेळा तेच अक्षर लिहायला लावलं तर काय होतं बघा, पहिल्या तीन ओळी बऱ्या, मग ढासळत जातं, आणि शेवटची ओळ सगळ्यात वाईट. म्हणजे हात वाईट वळणाचाच सराव करतो. त्यापेक्षा दोन ओळी लिहून घ्या, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं अक्षर कुठलं ते मुलालाच शोधायला सांगा. त्याच्याभोवती गोल करा. दुसऱ्या दिवशी त्या अक्षरासारखं काढायचं. चुकलेल्यावर फुली मारायचं काम शाळा करतेच आहे. सोयाबीन काढणीत, कांदा लागवडीत तुम्हाला दहा मिनिटं पण मिळणार नाहीत, मला माहीत आहे. चार दिवस सुटले तर सुटू द्या. आणि दहा मिनिटं बसायला घरात फक्त आईच असते असंही नाही. चहा पिता पिता वही बघायला बाबांना काही हरकत नसावी. माळा-घर-तळघर त्यांनाही कळेल.

एक गोष्ट मात्र मला जोरात सांगायची आहे. अक्षरासाठी मारू नका. गेल्या महिन्यात एका घरी गेले होते, चौथीतल्या पोराच्या उजव्या हाताच्या बोटांवर पट्टीचे वळ होते. शाळेतले नाही, घरचे. शाळेत मारणं तर बंदच आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे, आणि तुमच्या मुलाला शाळेत मारत असतील तर शाळा व्यवस्थापन समितीत बोला, तिथं पालकच जास्त असतात. पण घरात कुठलं कलम लावणार? ज्या बोटांनी वळण काढायचं त्याच बोटांवर मारलं, तर दुसऱ्या दिवशी ती पेन्सिल घट्ट आवळूनच धरणार. घट्ट धरलेल्या पेन्सिलीनं कर्सिव्ह येत नाही.

आणि आणखी एक, क्लासच्या पैशांवरून आठवलं म्हणून सांगते. क्लाससाठी कर्ज मागितलेली अशी मुलगी मला अजून भेटायची आहे. मुलांसाठी मागतात. मुलीचं विचारलं की उत्तर येतं, "तिचं अक्षर छानच आहे." असेलही. एकदा वही उघडून बघा.

काही मुलांचं अक्षर सगळं करूनही सुधारत नाही. तेव्हा हाताकडं नाही, डोळ्यांकडं बघा. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी तिसरीत. फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळायची, शब्द अर्धे लिहायची. आळशी म्हणून तिला रोज बोलणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं तेव्हा कळलं की तिला मागच्या बाकावरून फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला. अक्षर काही मोत्यासारखं झालं नाही, पण ओळी गाळणं थांबलं. हे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, तपासणी मोफत असते. तुमच्या शाळेत कधी येणार ते मुख्याध्यापकांना विचारा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

डोळे ठीक आहेत, सराव आहे, मूल तोंडी सगळं सांगतं, पण लिहायला घेतलं की अक्षरं उलटसुलट, शब्दातली अक्षरं गळतात, तिसरी-चौथीतही तसंच, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे. असं प्रमाणपत्र असलेल्या मुलांना दहावी-बारावी बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. यात लाज नाही. मूल ढ आहे असाही त्याचा अर्थ नाही. वर्गशिक्षकांशी बोला, पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात विचारा. एकटीला जायला अवघड वाटलं तर मला फोन करा, आपण मिळून जाऊ.

आता मुलांचं बाजूला ठेवते, तुमचं बोलते. एका मावशींचं गटाचं काम चोख, बचत कधी चुकवली नाही. पण बँकेतून पैसे काढायची स्लिप दोनदा परत आली. सही जुळत नाही म्हणून. खातं उघडताना सावकाश बसून सही केली होती, आता काउंटरवर मागे रांग, हात थरथरतो, आणि सही दर वेळी वेगळी. पैसे स्वतःचे, आणि अक्षर जुळत नाही म्हणून घरी परत. त्या आता नातवाच्या चार रेघी वहीच्या मागच्या पानावर रोज पाच सह्या करतात. नातू तपासतो. त्यानं मध्ये एकदा त्यांना "घर चुकलं आजी" म्हणून गोल काढून दिला, ते त्या सांगत होत्या आणि हसत होत्या.

आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नियमित हिशेब लेखन. ते किती गटांत एकाच ताईच्या हातात आहे? इतिवृत्त तीच लिहिते, ती माहेरी गेली की बैठकीची नोंद राहते. मी मोजायला बसणार नाही, तुम्हाला माहीत आहे. मुलाला दहा मिनिटं बसवाल तेव्हा शेजारी तुम्ही पण एक ओळ लिहा. आजची तारीख, कोण आलं, किती जमा झाले. मराठीत. मूल बघेल की आई पण लिहिते. पुढच्या बैठकीत इतिवृत्ताची पहिली तीन वाक्यं जिनं आजवर कधी लिहिली नाहीत तिनं लिहायची, असं मी प्रत्येक गटाला सुचवणार आहे. अक्षर कसंही चालेल, वाचता आलं पाहिजे.

शाळेत जाल तेव्हा मॅडमना दोन गोष्टी विचारा. शाळेत कर्सिव्ह कितवीपासून आहे, आणि कुठला कित्ता वापरतात. कारण एफ, आर, झेड अशा काही अक्षरांची वळणं कित्त्याकित्त्यांत वेगळी असतात. शाळेत एक आणि बाजारातून आणलेल्या कित्त्यात दुसरं, मग मूल गोंधळतं. शाळेचाच कित्ता गिरवा. आणि लाल पेनानं लिहिलेला शेरा वाचता आला नाही तर तसं सरळ सांगा, "मॅडम, मराठीत लिहा, नाहीतर तोंडी सांगा." पालकाला समजेल असं सांगणं हे शाळेचं काम आहे. तुम्ही शाळा सातवीत का सोडली, ते तिथं कुणाला सांगायची गरज नाही.

सभेत विचारलेले प्रश्न

एका ताईंनी विचारलं, "आता सगळं मोबाईलवर लिहितात, अक्षर कशाला पाहिजे?"
मोबाईल आहे, पण दहावीचा पेपर अजून हातानंच लिहायचा आहे. भाषेचा ८० गुणांचा पेपर, तीन तास. सुंदर लिहायला नको, पण तीन तास हात न दुखता आणि तपासणाऱ्याला वाचता येईल असं लिहावं लागतं. मोडीचं मघाशी सांगितलं ना, वाचताच आलं नाही तर लिहिलेलं कुणाच्या कामाचं?

"पोराची कर्सिव्ह अजिबात वाचता येत नाही, पण छापील अक्षर चांगलं आहे. काय करू?"
पाचवी-सहावीत असेल तर मॅडमना विचारा, उत्तरं छापील अक्षरात लिहिली तर चालतील का. बऱ्याच ठिकाणी चालतं, फक्त कुणी विचारत नाही. नाहीच म्हणाल्या तर सी कुटुंबापासून सुरू करा.

"दोन मुलं आहेत, दोघांना एकत्र बसवलं की भांडतात."
एकाला परात द्या, एकाला पाटी. पाच मिनिटांनी अदलाबदल. मोठ्याला धाकट्याचं अक्षर तपासायला लावू नका, त्यानं भांडण वाढतं. आजीला तपासायला लावा.

"क्लासला दोन हजार मागितलेल्या ताईंचं पुढे काय झालं?"
त्यांनी पाचशेच घेतले. त्यात चार वह्या, पेन्सिली, आणि उरलेल्यात मुलीची चप्पल.